मोजणी कुठून सुरू होते?

घरात तीन-साडेतीन वर्षांचं मूल असेल तर एक गंमत करून पाहा. त्याच्यासमोर पाच बिस्किटं मांडा आणि मोजायला सांगा. एकेका बिस्किटावर बोट ठेवत ते ऐटीत म्हणेल, एक, दोन, तीन, चार, पाच. मग लगेच विचारा, ‘किती आहेत?’ बरीच मुलं उत्तर न देता पुन्हा पहिल्या बिस्किटापासून सुरुवात करतात. त्यांच्या लेखी ‘पाच’ हे शेवटच्या बिस्किटाचं नाव असतं. सगळ्या बिस्किटांचं मिळून ते उत्तर आहे, हे अजून उमगलेलं नसतं.

आकडे म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. हा फरक अंकांच्या चित्रपुस्तकांना कसा सापडत गेला, ते पाहण्यासारखं आहे.

आपली परंपरा म्हणण्याची. तिन्हीसांजेचा परवचा, उजळणी, पाढे, त्यापुढे पावकी, निमकी, औटकी. बाजारातले हिशोब तोंडी करायच्या काळात ही पाठांतरं कामाची होती. अंकलिपीत चित्रं आली तीही आकड्याच्या दाखल्यापुरती. एक पतंग, दोन बदकं, तीन आंबे. दोन बदकांचा तीन आंब्यांशी संबंध काय, हे चित्र सांगत नसे. वस्तू आणि शेजारी तिचं नाव, हा साचा जुनाच. कोमेनियसने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये छापलेलं ‘ऑर्बिस पिक्टस’ही असंच शब्द शिकवायचं.

गेल्या शतकाच्या साठच्या दशकात काही चित्रकारांनी हा साचा मोडला. १९६२ साली मॉरिस सेंडाकचं ‘वन वॉज जॉनी’ आलं. एकट्या राहणाऱ्या जॉनीच्या घरात एकेक आगंतुक घुसत जातो, गर्दी होते, जॉनी वैतागतो, आणि मग उलटी मोजणी करत सगळ्यांना बाहेर काढतो. वजाबाकीला आता कारण मिळालं होतं.

१९६८ साली एरिक कार्लने ‘वन, टू, थ्री टू द झू’ केलं. आगगाडीच्या पहिल्या डब्यात एक हत्ती, दुसऱ्यात दोन पाणघोडे, तिसऱ्यात तीन जिराफ. शब्द नाहीत. पण पानाच्या तळाशी एक चिमुकली गाडी धावत असते आणि दर आकड्याला तिला एक डबा जोडला जातो. पाचवा डबा आला तरी आधीचे चार कुठे गेलेले नसतात. पाच म्हणजे ‘पाचवा’ही आणि ‘सगळे मिळून पाच’ही, बिस्किटांपाशी अडलेलं मूल इथे मोकळं होतं. पुढच्याच वर्षी कार्लचा भुकेला सुरवंट आला: एक सफरचंद, दोन पेअर, तीन आलुबुखार, आणि प्रत्येक फळाला खरंखुरं भोक. कागद पंच करताना त्याला ही कल्पना सुचली होती. अशी भोकांची, लहानमोठ्या पानांची छपाई अमेरिकेत परवडेना, म्हणून पुस्तक जपानमध्ये छापलं गेलं. मुलं त्या भोकांत बोट घालतात. एका भोकाला एक आकडा, हे बोटालाच कळतं.

रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी मोजणीमागची तत्त्वं पुस्तकात मांडली ती १९७८ साली. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, ही त्यांतली तीन. चित्रकार त्यांच्या वाटेने तिथे आधीच पोचले होते.

आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा वाचनाची पद्धत आली आणि वाद थेट विधानसभेत गेला. अडचण खरी होती. ‘बावन्न’ म्हणताना आधी दोन येतात, लिहिताना आधी ५. ‘एकोणसाठ’ ऐकून ५९ लिहायचे. शंभरापर्यंतची नावं मुलाला जवळपास सुटी सुटीच पाठ करावी लागतात. पण ती सगळी चर्चा नावांचीच होती. नावं कितीही सोपी केली, तरी ‘किती आहेत?’ हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाशी सगळ्यात शांतपणे खेळलेलं पुस्तक मित्सुमासा आन्नोचं. त्सुवानोत जन्मलेला आन्नो चित्रकार होण्याआधी शाळामास्तर होता. १९७५ साली जपानीत आलेलं त्याचं अंकांचं पुस्तकही निःशब्द आहे. पानोपानी एक गाव वाढत जातं. एका आकड्याला एक महिना, चर्चच्या घड्याळात तितकेच वाजलेले, कडेला तितकेच रंगीत ठोकळे. पाचाच्या पानावर घरंही पाच आणि झाडंही पाच. काय मोजायचं ते कुणी सांगत नाही, मुलानेच शोधायचं.

आणि पुस्तक एकापासून सुरू होत नाही. पहिलं चित्र शून्याचं आहे: बर्फाने झाकलेलं माळरान आणि त्यातून जाणारी नदी. आपल्या बहुतेक अंकलिप्या एकापासून सुरू होतात. शून्य भेटतं ते थेट दहाच्या पोटात. आन्नोच्या त्या पानावर मुलाला ‘किती घरं?’ म्हणून विचारलं, की ते जरा वेळ शोधतं, मग आपल्याकडे बघतं आणि म्हणतं, ‘एकपण नाही!’ यासाठी त्याने अजून एकही आकडा पाठ केलेला नसला तरी चालतं.