कुलूपबंद अक्षर आणि त्याची नक्कल

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे क्षेत्र रेणुकादेवी आणि दत्तात्रेय यांच्यामुळे सर्वपरिचित आहे. महानुभाव पंथाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी वेगळे आहे. पंथाच्या पंचकृष्णांत दत्तात्रेयप्रभूंची गणना होते आणि चक्रपाणिप्रभूंना त्यांच्याकडून माहूर येथेच शक्ती प्राप्त झाली, अशी पंथाची श्रद्धा आहे. चौदाव्या शतकातील रवळोबासांचे ‘सह्याद्रिवर्णन’ हे काव्य ह्याच परिसराशी आणि दत्तात्रेयांच्या महिम्याशी निगडित असून पंथाच्या सात प्रमुख काव्यग्रंथांत ते गणले जाते. परंपरा ह्याच रवळोबासांकडे आणखी एका निर्मितीचे श्रेय देते. ती म्हणजे सकळ लिपी. मराठी ग्रंथांना घातलेल्या कुलपांपैकी सर्वांत प्रसिद्ध कुलूप ते हेच.

ग्रंथाला कुलूप घातले म्हणजे परक्याची वाट अडते, हे उघड आहे. परंतु ज्याच्या मालकीचा तो ग्रंथ, त्यालाही हवा तेवढा मजकूर निवडून जसाच्या तसा उतरवून घेताना कोणते कष्ट पडतात, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. परवलीचे शब्द साठवून ठेवणाऱ्या संगणकीय पेट्यांच्या, म्हणजे पासवर्ड मॅनेजरांच्या, संदर्भात हाच प्रश्न आज नव्याने उभा राहिला आहे. ह्या दोन प्रसंगांमध्ये सुमारे सहा शतकांचे अंतर असले तरी अडचणीचे मूळ एकच असून ते भाषाशास्त्राच्या कक्षेत येणारे आहे.

महानुभावांच्या गुप्तलेखनात एक विरोधाभास दिसतो. चक्रधरस्वामींनी मराठीत निरूपण केले. त्यांच्या मागे पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनी, संस्कृतात लिहिल्यास साध्याभोळ्या अनुयायांना, विशेषतः स्त्रियांना, ते दुर्बोध होईल, ह्या कारणास्तव केशिराजबासांना संस्कृत रचनेपासून परावृत्त केल्याचे ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे. म्हणजे सर्वांना कळावे म्हणून जी भाषा स्वीकारली, तिच्यातील ग्रंथच पुढे सर्वांना कळू नयेत अशा लिपीत लिहिले गेले. ह्यामागे धर्मवचनांचे पावित्र्य राखावे आणि ती अनधिकारी व्यक्तीच्या हाती पडू नयेत, ही भूमिका होती असे सामान्यतः मानले जाते.

मात्र ह्या गुप्ततेच्या आधी घडलेली एक घटना लक्षात घेतली पाहिजे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत यादवसत्तेच्या पडत्या काळातील धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे हिराइसा प्रभृतींच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला, असे परंपरा सांगते. उपलब्ध ‘लीळाचरित्रा’त पाठभेद विपुल आहेत, त्याचे एक कारण ह्या पुनर्रचनेत आहे. ग्रंथ टिकावयाचा तर त्याच्या अनेक नकला हव्यात आणि गुप्त राहावयाचा तर नकला मोजक्या व ओळखीच्या हाती हव्यात. पंथाला ह्या दोन गरजांचा मेळ घालावयाचा होता.

सकळ लिपीचे तत्त्व मुख्यतः अक्षरांच्या अदलाबदलीचे आहे. एका वर्णासाठी दुसऱ्याच वर्णाचे चिन्ह योजावयाचे. किल्ली ज्ञात असलेल्यास वाचन सुगम, इतरांस निरर्थक. तिच्या जोडीला सुंदरी, अंक, वज्र, सुभद्रा इत्यादी अन्य लिप्याही पंथात प्रचारात होत्या. अशा लिपीतील पोथीची नक्कल करणे हे साध्या नागरी पोथीच्या नकलेहून वेगळे काम आहे, आणि ते का, हे येथे पाहावयाचे आहे.

सामान्य लेखनात अर्थ हा नकलकाराचा पाठीराखा असतो. जुन्या हस्तलिखितांत ‘ख’ आणि ‘रव’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ह्यांची गल्लत नित्याची आहे; ‘ख’ऐवजी ‘ष’ लिहिण्याचा प्रघातही आढळतो. तरीही ‘खडक’ ह्याच्या जागी ‘रवडक’ असे उतरले तर वाचक थबकतो आणि दुरुस्ती करतो. भाषेत आवश्यकतेपेक्षा अधिक खुणा असतात आणि त्या एकमेकींची चूक उघडकीस आणतात. अक्षरे बदलून लिहिलेल्या मजकुरात किल्ली न जाणणाऱ्या नकलकारास हा आधार मिळत नाही. तो केवळ आकृत्या उतरवतो. चुकलेली आकृती आणि बरोबर आकृती त्याच्या दृष्टीने सारखीच निरर्थक असते. याउलट किल्ली जाणणारा नकलकार मजकूर मनात उलगडून पुन्हा गुंफतो. त्याला चूक दिसते; परंतु शब्द त्याच्या कानावर पडत असल्यामुळे जुन्या रूपाच्या जागी आपल्या काळातील रूप अभावितपणे लिहिले जाण्याचा धोका संभवतो. पहिल्याच्या हातून अर्थ बिघडतो आणि दुसऱ्याच्या हातून भाषा बदलते.

कुलूप नसलेल्या ग्रंथाची स्थिती काय होती, हे मराठवाड्यातीलच दुसऱ्या उदाहरणावरून कळते. ‘ज्ञानेश्वरी’ मुक्तपणे पसरली, ठिकठिकाणी उतरवली गेली आणि तिच्यात अपपाठ इतके शिरले की पैठणच्या एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिचे शुद्धीकरण करावे लागले. महानुभाव ग्रंथांत जुनी मराठी रूपे बरीच टिकली ह्याचे श्रेय अभ्यासक त्यांच्या बंदिस्तपणाला देतात. हे मत ग्राह्य असले तरी अपुरे आहे. केवळ लिपीमुळे भाषा टिकत नाही. प्रत्येक शब्द पवित्र मानून तो न बदलण्याची शिस्त पाळणारे, किल्ली जाणणारे आणि ती पुढील पिढीस देणारे लोक होते, म्हणून ती टिकली.

किल्ली पंथाबाहेर आली ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे ह्यांच्या प्रयत्नांमुळे हे वाङ्मय अभ्यासकांच्या दृष्टिपथात आले. त्यानंतर ह. ना. नेने ह्यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्रा’चे भाग प्रसिद्ध केले, शं. गो. तुळपुळे ह्यांची आवृत्ती १९६० नंतरच्या दशकात आणि वि. भि. कोलते ह्यांची १९७८ मध्ये निघाली. मराठी गद्याचा इतिहास त्यामुळे नव्याने लिहावा लागला. तोपर्यंत मराठी समाजातील बहुसंख्य लोकांना आपल्याच भाषेचे हे आद्य गद्य अपरिचित होते.

आता आधुनिक परवलीच्या शब्दाकडे वळावयाचे. संगणकावर त्याचा वापर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ च्या सुमारास, फर्नांडो कॉर्बाटो ह्यांच्या सामायिक संगणकप्रणालीत सुरू झाला. १९६२ मध्ये ॲलन शेर ह्या संशोधकाने परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादीच छापून घेतली. ही चोरी नक्कल करूनच झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे शब्दांची संख्या वाढली, ते लांब व निरर्थक असणे इष्ट ठरले आणि ते लक्षात ठेवणे अशक्य झाले. म्हणून १९९७ मध्ये ब्रूस श्नायर ह्यांचे ‘पासवर्ड सेफ’ आणि २००३ मध्ये ‘कीपास’ अशा पेट्या अस्तित्वात आल्या.

अशा पेटीतील शब्द म्हणजे वीसएक चिन्हांची अर्थहीन मालिका होय. सकळ लिपीची किल्ली न जाणणाऱ्या नकलकाराची जी अवस्था, तीच येथे खुद्द मालकाची होते. शून्य आणि रोमन ‘ओ’, एक आणि रोमन ‘एल’ ह्यांतील भेद अर्थाच्या साह्याने ओळखता येत नाही. त्यामुळे डोळ्यांनी वाचून हाताने उतरवण्याऐवजी यंत्राकडूनच नक्कल करवून घेणे हाच विश्वसनीय मार्ग उरतो. आणि नेमक्या ह्याच मार्गावर अडथळे येतात. शब्द ठिपक्यांआड झाकलेला असतो. उघडला तरी त्याचा काही भागच निवडू पाहिल्यास निवड एखाद्या विरामचिन्हापाशी तुटते, किंवा शेवटी एक अदृश्य मोकळी जागा सोबत येते. काही ठिकाणी निवडच करता येत नाही. नक्कल क्लिपबोर्डवर गेली तरी ती थोड्याच वेळात पुसली जाते. ‘कीपास’च्या मूळ मांडणीत हा अवधी १२ सेकंदांचा आहे. शेवटी, जेथे शब्द द्यावयाचा तेथे तो चिकटवण्यास मनाई असू शकते.

ह्या बंधनांपैकी काहींना सबळ कारण आहे. क्लिपबोर्ड ही सामायिक जागा असून तेथे ठेवलेला मजकूर अन्य प्रणालींना वाचता येऊ शकतो. म्हणूनच २०१९ मध्ये अँड्रॉइडने पडद्याआड चालणाऱ्या प्रणालींना तेथील वाचन बंद केले. परंतु चिकटवण्याच्या मनाईचे समर्थन तितकेसे होऊ शकत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्ये ही मनाई सोडण्याचा सल्ला दिला आणि अमेरिकेच्या मानक संस्थेनेही त्याच वर्षी चिकटवण्याची मुभा असावी अशी शिफारस केली. नक्कल अवघड केली की माणूस सोपा, ध्यानात राहणारा शब्द निवडतो किंवा तो कागदावर लिहून ठेवतो. कुलूप कडक होते आणि घर उघडे पडते.

मराठीच्या अभ्यासकास ह्याच जातीची तिसरी अडचण परिचित आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि त्यानंतरही बराच काळ मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या स्थानी देवनागरी आकृत्या बसवलेल्या फाँटांत टंकित होत राहिला. अशा प्रबंधातील एखादा परिच्छेद पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो. तो निवडून अन्यत्र चिकटवला की रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग हाती येतो. एका चिन्हाच्या जागी दुसरे योजण्याचे सकळ लिपीचे तत्त्वच येथे अभावितपणे लागू झाले आहे. फरक एवढाच की हे कुलूप हेतुपूर्वक घातलेले नाही, फाँटागणिक किल्ली वेगळी आहे आणि ती जपण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

ह्या तिन्ही उदाहरणांचा एकत्र विचार केल्यास कुलपाचे मूल्यमापन करण्याची कसोटी स्पष्ट होते. परका आत शिरत नाही, हे कुलपाचे अर्धेच यश होय. अधिकारी माणसास आतील अक्षर न बिघडता बाहेर काढता येते की नाही, हे उरलेले अर्धे. महानुभावांनी ग्रंथाबरोबर किल्ली जाणणारी परंपराही सांभाळली, म्हणून शेकडो वर्षांनीही पोथ्या वाचता आल्या. जुन्या फाँटांतील मराठी प्रबंधांना अशी परंपरा लाभलेली नाही. ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मूळ फाँट आणि वर्णांची जुळणी दाखवणारा तक्ता त्यांच्यासोबत जतन करणे हे काम मराठी विभागांनी वेळीच हाती घेतले पाहिजे. राजवाड्यांना पोथी उलगडून दाखवणारे महंत होते, ह्या प्रबंधांच्या भावी वाचकांना तसे कोणी असेलच असे नाही.