आयातशुल्क, बाजारातील घसरण आणि सर्वसामान्य गुंतवणूकदार

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २ एप्रिल २०२५ रोजी बहुतेक सर्व देशांच्या मालावर वाढीव आयातशुल्क जाहीर केले. भारतीय मालासाठी हा दर २६ टक्के ठेवण्यात आला होता. त्यानंतरच्या सोमवारी, ७ एप्रिलला, आशियातील शेअर बाजार कोसळले. हाँगकाँगचा निर्देशांक एकाच दिवसात १३ टक्क्यांहून अधिक खाली आला. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, अर्थात सेन्सेक्स, सकाळी उघडताच सुमारे ३,९०० अंशांनी घसरला. दिवसअखेर त्याने काहीशी उसळी घेतली, तरीही २,२२६ अंशांची म्हणजे जवळपास ३ टक्क्यांची घट नोंदवून तो ७३,१३७ वर बंद झाला.

आयातशुल्क भरतो तो अमेरिकेतील आयातदार. तो हा भार ग्राहकावर टाकतो किंवा परदेशी पुरवठादाराकडे किंमत कमी करण्याचा आग्रह धरतो. दोन्ही परिस्थितींत निर्यातदाराची मागणी किंवा नफा घटतो आणि भावी नफ्याच्या अंदाजावर ठरणारा शेअरचा भाव उतरतो. मात्र त्या सोमवारी माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअरही जोरात पडले. वास्तविक हे शुल्क मालावर होते, सेवांवर नव्हे. अमेरिकेत मंदी आली तर तेथील ग्राहक कंपन्या खर्चाला कात्री लावतील, ही त्यामागील भीती होती. त्यामुळे ‘आपली कंपनी अमेरिकेला माल पाठवत नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहिलेल्यांचाही त्या दिवशी हिरमोड झाला.

सर्वसामान्य गुंतवणूकदार अशा वेळी घाबरून बाहेर पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना ‘ॲम्फी’ची आकडेवारी मात्र वेगळे चित्र दाखवते. नियमित गुंतवणूक योजनेतून, म्हणजे ‘एसआयपी’द्वारे, मार्च २०२५ मध्ये २५,९२६ कोटी रुपये जमा झाले होते, एप्रिलमध्ये ही रक्कम २६,६३२ कोटींवर गेली. समभाग योजनांमधील एकूण निव्वळ गुंतवणूक किंचित घटली, पण ओघ आटला नाही.

याच एप्रिलमध्ये सुमारे ४६ लाख नवी एसआयपी खाती उघडली गेली आणि १ कोटी ३६ लाखांहून अधिक खाती बंद झाली किंवा त्यांची मुदत संपली. यावरून गुंतवणूकदारांनी पळ काढल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. त्यातील मोठा वाटा प्रत्यक्षात जुन्या, निष्क्रिय खात्यांच्या नोंदी ताळमेळ घालून काढून टाकल्याचा होता. खात्यांची संख्या आणि रक्कम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गुंतवणूकदाराचा कल पाहायचा तर रक्कम पाहणे अधिक योग्य.

अर्थात, हे सारे केवळ धैर्याचे फळ मानणे भाबडेपणाचे ठरेल. एसआयपीचा हप्ता ठरलेल्या तारखेला बँकेतून आपोआप वळता होतो. तो थांबवायचा तर अर्ज करावा लागतो, आणि माणसाचा आळस येथे त्याच्या उपयोगी पडतो.

थेट शेअर घेणाऱ्यांपुढे असा अडसर नसतो. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, मिळालेल्या लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याची बोच माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते. मोबाइलवर लाल आकडे दिसताच विक्रीकडे हात जातो तो यामुळेच. ७ एप्रिलच्या सकाळी पहिल्या काही मिनिटांत ज्यांनी शेअर विकले, त्यांना दिवसातील जवळपास सर्वांत वाईट भाव मिळाला. ट्रम्प यांनी ९ एप्रिलला बहुतेक देशांवरील वाढीव शुल्क ९० दिवसांसाठी स्थगित केले. महावीर जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्या मध्ये येऊनही १५ एप्रिलला सेन्सेक्स ७६,७३४ वर बंद झाला. ही पातळी २ एप्रिलच्या बंद पातळीपेक्षा वरची होती. घसरणीनंतर बाजार अवघे चार दिवस भरला होता.

उसनवारीवर किंवा वायदे व्यवहारांत उतरलेल्यांना एवढी वाट पाहण्याची मुभा नसते. अनामत रक्कम अपुरी पडली की दलाल त्यांचा सौदा परस्पर मोडू शकतो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात समभागांच्या वायदे व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि तोट्याची एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होती. त्या काळात तर आयातशुल्काचे हे वादळ उठलेलेही नव्हते.

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून बहुसंख्य भारतीय मालावरील वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेले. दर एप्रिलच्या जवळपास दुप्पट. तरीही २८ ऑगस्टला सेन्सेक्सची घसरण सुमारे ७०० अंशांचीच राहिली. निर्णय आधीच जाहीर झालेला असल्याने बाजाराने तो बऱ्याच अंशी गृहीत धरला होता. औषधे व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना तूर्त सूट होती.

तिरुपूरचे होजिअरी कारखाने, सुरतचा हिरे उद्योग आणि आंध्र प्रदेशातील कोळंबी उत्पादक यांना मात्र हा दिलासा नव्हता. या उद्योगांतील बराच मोठा भाग शेअर बाजारात नोंदलेला नसल्याने निर्देशांकात त्याची झळ दिसत नाही. तेथील एखाद्या कामगाराची एसआयपी असेल, तर ती बाजाराच्या भीतीने नव्हे, पगार घटल्याने थांबते. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँक दंड आकारते आणि मासिक योजनेचे सलग तीन हप्ते चुकल्यास एसआयपी रद्द होते. पगार अडकण्याची शक्यता दिसताच हप्ते काही महिन्यांसाठी स्थगित ठेवण्याची सोय बहुतेक फंड कंपन्या देतात. त्यासाठी पुढील हप्त्याच्या तारखेपूर्वी पुरेसे दिवस राखून अर्ज करावा लागतो. तोवर जमलेले युनिट खात्यावर तसेच राहतात.