या दंडावरून त्या दंडावर



घरात सासू, आई, आत्या अशी साठी-पासष्टी ओलांडलेली कुणी असेल तर तिचा हात एकदा नीट बघा. दंडावर नाहीतर कोपराच्या खाली रुपयाएवढी गोल, चुरमडल्यासारखी खूण दिसेल. कुणाच्या दोन असतात. विचारलं तर त्या सांगतात, "देवी काढल्यात लहानपणी." आपल्यातल्या तरुण बायकांच्या डाव्या दंडावरही बारीक खूण असते, पण ती वेगळी. ती क्षयरोगाच्या बीसीजी लशीची. देवीची लस सत्तरच्या दशकाच्या शेवटी बंद झाली, कारण तो रोगच जगातून संपला. आज आम्ही बोलणार आहोत त्या मोठ्या खुणेबद्दल. ती आपल्या म्हाताऱ्यांच्या हातापर्यंत कुठून कुठून फिरत आली, आणि त्या वाटेत बायकांचं एकमेकींशी बोलणं कितीदा कामाला आलं.

आधी रोगाचं सांगतो, कारण आता तो कुणी पाहिलेला नाही. देवीचा रोग जोराचा आला तर दहातली तीन माणसं जायची. जगली त्यांच्या तोंडावर खड्डे राहायचे, काहींचे डोळे जायचे. पोरीच्या तोंडावर वण राहिले की तिचं लग्न जमवताना बापाची झोप उडायची. औषध नव्हतं. म्हणून लोक त्याला रोग म्हणतच नसत. "देवी आल्यात" म्हणत. घरात पाहुणी आली आहे, तिला राग येऊ द्यायचा नाही, फोडणीचा वास करायचा नाही, कडुनिंबाचा पाला अंथरायचा, शितळादेवीला थंड नैवेद्य दाखवायचा. आज कुणी याला हसतं, ते आम्हाला पटत नाही. आजारी लेकराजवळ गडबड करू नका, त्याला गार ठेवा, बाहेरच्यांनी आत येऊ नका, एवढं तरी त्यात होतंच. आणि दुसरं करणार काय होती ती आई?

आता जरा लांब जाऊ. तीनशे वर्षांपूर्वी लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू नावाची एक इंग्रज बाई होती. तिचा भाऊ देवीनं गेला होता. १७१५ साली तिला स्वतःला देवी आल्या, ती वाचली पण चेहऱ्यावर वण राहिले आणि पापण्यांचे केस गेले ते परत आलेच नाहीत. पुढं तिचा नवरा तुर्कस्तानात इंग्लंडचा वकील म्हणून गेला, ती बरोबर गेली. तिथं तिनं काय पाहिलं, ते १ एप्रिल १७१७ या तारखेच्या पत्रात आपल्या मैत्रिणीला, सारा चिझवेलला कळवलं.

तिनं कळवलं ते असं. इथं हा रोग कुणाला भिववत नाही. उन्हाळा सरला की घराघरांतून निरोप जातात, यंदा कुणाला टोचून घ्यायचं आहे का. पंधरा-सोळा जण एकत्र जमतात. आपल्याकडं भिशीला जमतात तसंच म्हणा. मग एक म्हातारी येते, अक्रोडाच्या टरफलात देवीच्या फोडातला पू घेऊन. विचारते, कुठं टोचू? मोठ्या सुईनं ओरखडा काढते, सुईच्या टोकावर मावेल एवढा पू आत घालते आणि वर पोकळ टरफल ठेवून बांधते. मुलं आठ दिवस खेळतात. मग ताप येतो, दोन दिवस पडून राहायचं, क्वचित तीन. थोडे फोड येतात, ते वाळतात, झालं.

या पत्रात शास्त्रातला जड शब्द नाही. एक मैत्रीण दुसरीला जे विचारते, त्याचीच उत्तरं आहेत. दुखतं का? ताप किती दिवस? वण राहतात का? लेडी मेरीनं १७१८ साली आपल्या मुलाला टोचून घेतलं आणि लंडनला परतल्यावर १७२१ साली मुलीलाही, तेही डॉक्टरांच्या समोर. ते पाहून इतर आया पुढं आल्या. जिला ते पत्र लिहिलं होतं, ती सारा चिझवेल मात्र १७२६ साली देवीनंच वारली.

टोचण्याची ही जुनी रीत आपल्या देशातही होती. बंगालकडं हे काम करणाऱ्यांना टीकादार म्हणत. हिंदीतला लसीला असलेला 'टीका' हा शब्द तिथलाच. पण या रीतीत खरी देवीच अंगात घालत असत. बहुतेकांना सौम्य यायची, एखाद्याला जोराची यायची, आणि टोचलेल्या माणसापासून शेजाऱ्याला लागू शकायची. धोका कमी झाला होता, गेला नव्हता.

तो घालवणारी गोष्ट गोठ्यात सापडली. इंग्लंडमधल्या खेड्यांत गाईच्या सडांवर एक रोग यायचा, त्याला गोस्तन देवी म्हणतात. धार काढणाऱ्या बायकांच्या हातांना त्याचे फोड यायचे आणि मग त्यांना खरी देवी येत नसे. हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर या डॉक्टरनं सारा नेल्म्स नावाच्या धार काढणाऱ्या मुलीच्या हातावरच्या फोडातला द्रव काढला आणि माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. नंतर त्याला खऱ्या देवीचा पू टोचून पाहिला, त्याला काही झालं नाही. (आज कुणी असं दुसऱ्याच्या लेकरावर करून बघितलं तर तुरुंगात जाईल, ते वेगळं.) पुस्तकात नाव जेन्नरचं आहे, ते बरोबरच आहे; त्यानं पडताळा घेतला, लिहून काढलं, जगाला वाटलं. पण शेणामुतात राबणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून ती गोष्ट त्याच्यापर्यंत आली, हेही आपल्या पोरींना सांगायला हवं.

आता ही लस हिंदुस्थानात आणायची कशी? बर्फाची पेटी नाही, विमान नाही. जहाजाला महिने लागत, आणि काचेत ठेवलेला द्रव उष्णतेनं वाया जायचा. मग एकच उपाय, माणसाच्या अंगातून आणायची. एकाला टोचायचं, आठवड्याभरानं त्याला फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला, त्याच्याकडून तिसऱ्याला. विरजण लावतो ना आपण, कालच्या दह्याचं आजच्या दुधाला, तसं. मध्ये एक दिवस साखळी तुटली की संपलं. स्पेनच्या राजानं १८०३ साली अमेरिकेकडं लस पाठवली, ती २२ अनाथ मुलांच्या दंडांवरून. जहाजावर त्या मुलांना सांभाळायला इसाबेल झेंदाल ही एकच बाई होती, अनाथाश्रम चालवणारी.

आपल्याकडं लस आली ती बगदाद, बसरा अशी, मग जहाजानं मुंबईला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोचली आणि लागली. हिंदुस्थानातली ती पहिली. मुलगी शांत स्वभावाची, तिनं खाजवून फोड फोडला नाही, म्हणून लस वाचली, अशी नोंद तेव्हाच्या डॉक्टरांनी केली आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं, आणि त्यांच्यापासून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा तिचा प्रवास झाला. म्हणजे आपल्या आजीच्या हातावरच्या खुणेचं मूळ त्या पोरीपर्यंत जातं. ती एका नोकराची मुलगी होती. स्पेनची मुलं अनाथ, ही नोकराची. लस वाहून नेण्याचं काम गरिबांच्या लेकरांच्या वाट्याला आलं, हे आम्हाला वाचताना टोचलंच.

आया विरोध करत होत्या, तो यासाठीही. ज्या मुलाला टोचलं, त्याला आठ दिवसांनी परत आणा, दुखऱ्या फोडाला पुन्हा सुई लावू द्या आणि त्यातला द्रव परक्या मुलांना द्या. कुठल्या आईला हे रुचेल? त्यात कुणाच्या अंगातलं पाणी कुणाच्या अंगात, ही जातीची अडचण. एकाचा दुसरा रोग त्यातून लागायचा, हे तर खरंच होतं. सरकारी कागदांत मात्र 'लोक अडाणी आहेत' एवढंच लिहिलं जायचं. पुढं वासरांच्या अंगावर लस वाढवायला लागले तेव्हा निम्मी भांडणं मिटली. म्हणजे अडाणीपणा सगळा आयांकडंच नव्हता.

देवीवरून थोडं प्लेगकडं वळतो, कारण जबरदस्तीनं काय होतं ते तिथं दिसतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रोग्यांची सेवा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून दवाखान्यात आणलं असं सांगतात. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच महिन्यात पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसून रोगी शोधायला लागले. माजघरात, देवघरात. बायकांना परक्या पुरुषांसमोर तपासलं. लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली, प्रेतंसुद्धा लपवली. पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या वर्तमानपत्राला पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात ते मांडलं, तेव्हा त्याची चर्चा इंग्लंडपर्यंत गेली. रमाबाई स्वतः औषधाच्या विरोधात नव्हत्या. पदराला हात घालून औषध देता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि भीती नेहमी उगाच नसते. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. लशीची एक बाटली दूषित झाली होती. आधी सगळा ठपका हाफकिनवर आला, काही वर्षांनी तो निर्दोष ठरला. आज प्रत्येक बाळाला नवी सुई असते, लस दिल्यावर अर्धा तास केंद्रात बसवून ठेवतात, हे असल्याच अनुभवांतून आलेलं आहे. नर्सबाई "थांबा अर्धा तास" म्हणाल्या की आपण स्वयंपाकाची घाई सांगतो. थांबत जा.

देवी संपली ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. नुसतं सगळ्यांना टोचून ती हटेना. मग १९७० च्या दशकात दुसरी पद्धत धरली: रोगी कुठं आहे ते शोधा आणि त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना टोचा. त्यासाठी कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचं चित्र घेऊन दारोदार, बाजारात, शाळेत फिरायचे. "असं कुणी पाहिलंय का?" खबर देणाऱ्याला बक्षीस. आपल्या देशातली शेवटची रोगी २४ मे १९७५ ला आसामातल्या करीमगंजला सापडली, एक बाई. त्याच वर्षी बांगलादेशातल्या भोला बेटावर रहिमा बानू नावाच्या लहान मुलीला देवी आल्या. जोराच्या प्रकारच्या देवीची ती जगातली शेवटची रोगी. ही खबर कुणी दिली? बिलकिसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या पोरीनं. तिला २५० टका बक्षीस मिळालं. रहिमा वाचली. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आता आपल्याकडं या. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली तेव्हा आमच्या गटांच्या मोबाईलवर काय काय आलं ते तुम्हालाही आठवत असेल. दोन वर्षांत माणूस मरतो, मूल होत नाही. ते कुणी पाठवलं, कुणाला झालं, पत्ता नाही. सरकारी पत्रकं आम्ही पुढं पाठवली, ती कुणी उघडलीसुद्धा नाहीत. वाचलं गेलं ते गटातल्याच बायकांनी लिहिलेलं. काल घेतली, रात्री कणकण आली, हात जड झाला, आज निंदायला आले. त्याच्याखाली लगेच प्रश्न: पाळी चालू असताना घेतली तर चालते का? अंगावर पाजणाऱ्या बाईनं घ्यावी का? ते आम्ही आशाताईंना विचारून लिहिलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातही हीच चौकशी होती, किती दिवस ताप आणि किती दिवस पडून राहायचं.

आता जे समोर आहे ते गोवरचं. २०२२ च्या शेवटी मुंबईत आणि मालेगावात गोवरची साथ आली आणि लेकरं दगावली. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. आमच्या भागातली ऊसतोडीची जोडपी दसरा-दिवाळीला गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. बाळाचे नऊ महिने नेमके फडावर भरतात. कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत आणि बाळ कारखान्याच्या खोपीवर. तिथल्या नर्सबाईंनी विचारलं तर आईला आठवत नाही कुठला डोस झाला. खरं तर कार्ड कुठल्याही गावचं चालतं, सरकारी केंद्रात लस फुकट मिळते, गावाचं नाव विचारून परत पाठवत नाहीत.

म्हणून दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत आम्ही हप्त्यांबरोबर कार्डं मागवतो. कुणाच्या बाळाचा कुठला डोस कधी येतो ते वहीत उतरवून घेतो. कार्डाचा फोटो दोघींच्या मोबाईलमध्ये ठेवायचा, बाळाच्या आईच्या आणि त्याच टोळीत जाणाऱ्या दुसऱ्या एका बाईच्या. मोबाईल नसेल तर कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर. फडावर पोचल्यावर त्या दुसऱ्या बाईनं जवळच्या गावातल्या आशाताईंना गाठायचं, नाव सांगायचं, लसीकरणाचा वार विचारायचा आणि तो टोळीतल्या बाकीच्या बायकांना सांगायचा. मुकादमाला त्या दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवावी लागते, ती एकटीनं मागितली तर मिळत नाही, तिघी-चौघींनी मिळून मागितली तर मिळते. तुमच्या गटातून यंदा कोण जाणार आहे, तिचं नाव दसऱ्याच्या आधी वहीत लिहून घ्या.