बेटकुळीचं माप

कोल्हापुरात आमच्या तालमीत वस्तादांकडे मापाला एक सुतळी होती. महिन्यातून एकदा बेटकुळी काढून उभं राहायचं. वस्ताद दंडाभोवती सुतळी गुंडाळत आणि टोक भिडेल तिथं गाठ मारत. नवी गाठ जुनीच्या पुढं गेली की थंडाईचा पेला जादा. सुतळीत खोट एवढीच, की दंडात स्नायू वाढलाय की दुधातुपाची चरबी, हे तिला कळत नसे. पुढं माझा जन्म सीटी स्कॅनच्या मशीनवर गेला, तेव्हा समजलं की ही खोट काढायला जपानी माणसं कधीचीच बसली होती.

1968 साली टोकियो विद्यापीठातल्या मिचिओ इकाई आणि तेत्सुओ फुकुनागा यांनी लोकांचे दंड पाण्याच्या टाकीत बुडवून त्यांभोवती अल्ट्रासाउंड फिरवला. कांदा आडवा कापावा तसा दंडाचा छेद चित्रात उमटला, न कापता. तपासले 245 जण. स्नायूच्या दर चौरस सेंटिमीटरमागं ताकद सरासरी 6.3 किलो भरली, आणि बाई असो की पुरुष, हा आकडा जवळपास तोच. आमच्या तालमीत हे कुणी बोललं असतं तर त्याला मातीत लोळवलं असतं.

दोनच वर्षांनी इकाई आणि फुकुनागांनी शंभर दिवस व्यायाम करवून पुन्हा मोजलं. ताकद सुमारे 92 टक्के वाढली होती, छेद मात्र 23 टक्केच. मग बाकीची ताकद आली कुठून? मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूला जास्त कामाला लावायला शिकतात, तिथून. इकाईंना याचा वास आधीच लागला होता. 1961 साली त्यांनी आणि त्यांचे सहसंशोधक स्टाइनहाउस यांनी जोर लावणाऱ्या माणसाजवळ पिस्तुलाचा बार काढून पाहिला, त्याला ओरडायलाही लावलं. दोन्हींनी जोर वाढला. आमच्याकडे शड्डू ठोकतात आणि बजरंगबलीचा गजर करतात. पैलवानाला हे नवं नाही, फक्त त्यानं ते लिहून ठेवलं नाही.

सीटी आलं ते डोक्यासाठी. ते बनवणाऱ्या हाउन्सफिल्डच्या यंत्रावर पहिला रुग्ण 1971 साली लंडनमध्ये झोपला. 1978 पर्यंत स्वीडनमध्ये त्याच तंत्रानं मांडीचे स्नायू मोजू लागले होते. मांडीचा छेद पाहायला मला आजही आवडतो: मधोमध हाडाचं पांढरंशुभ्र कडं, भोवती करडे स्नायू, बाहेर चरबीची काळपट झालर. यंत्राच्या घनतेच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, चरबी उणे शंभराच्या आसपास, स्नायू अधिक पन्नासाच्या. सुतळीला न सुटलेलं कोडं इथं आकड्यांनी सुटतं.

पण यंत्रही फसतं, आणि फसवणारा कधीकधी मीच. उमेदवारीत एका पोराच्या मांडीचा छेद दुसऱ्या खेपेला माझ्याकडून दोन बोटं वर घेतला गेला. स्नायू भरपूर ‘वाढला’. पोरगं खूश, साहेब माझ्याकडे बघतायत. मांडी वर जाड, खाली निमुळती. जागा चुकली की सगळी मेहनत खोटी. आणखी एक पथ्य: माणसाला आधी थोडा वेळ आडवं झोपवायचं, कारण उभ्यानं पायात उतरलेलं पाणीही छेदात मोजलं जातं. जोर मारून आल्याआल्या तर मापच घेऊ नये. आणि वस्ताद नेमकं तेव्हाच घ्यायचे!

एमआरआयनं क्ष-किरणांची भीती गेली, पुन्हा पुन्हा मोजणं सोपं झालं. पण माझ्या मनात घर केलंय ते 1990 सालच्या बोस्टनमधल्या सीटीनं. तिथल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा थकलेल्या माणसांना संशोधक फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. नऊ जण टिकले. त्यांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली; मांडीच्या मध्यावर स्नायूचा छेद 9 टक्के. वस्तादांच्या सुतळीवर ती गाठ बोटभरही सरकली नसती. त्यांच्यातले दोघं मात्र काठी बाजूला ठेवून चालू लागले.