बोर्डीच्या अंगणापासून ऐन्याच्या शाळेपर्यंत

शाळेच्या फाटकावर ‘इंटरनॅशनल’ आणि ‘द्विभाषिक’ असं लिहिलेलं दिसलं की पालक आधी फी विचारतात. डहाणूच्या किनाऱ्यावरून आत वळलं, की लागणाऱ्या रानशेत, ऐने, दाभोण या वारली पट्ट्यात मात्र जगभरातलं शिक्षण फार वेगळ्या वाटेने आलं.

त्याचं मूळ रोममध्ये. मारिया मॉन्टेसोरींनी 1907 साली आपलं पहिलं बालगृह तिथल्या गरीब वस्तीत उघडलं होतं. पुढे तीच पद्धत शहरी पैसेवाल्यांची होऊन बसली, हा भाग वेगळा. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती आपल्या मातीत रुजवायला घेतली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघाली, मग ताराबाईंनी ती मराठीतही आणली. दादरला शिशुविहार उभं राहिलं. पण ताराबाईंना खेड्यातलं मूल खुणावत होतं. 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या, पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या.

वर्षही साधं नव्हतं. त्याच मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही म्हणाले. मोठी माणसं सावकाराच्या शेतावरून सुटू पाहत होती, त्याच सुमारास त्यांच्या पोरांसाठी बालवाडी निघत होती.

बोर्डीत मुलं बालवाडीत येईनात. मग बाईच वस्तीत जाऊन कोणाच्या तरी अंगणात बसू लागल्या. तीच अंगणवाडी. परदेशी साधनांची महागडी पेटी खेड्यात परवडणारी नव्हती. तिच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं आली. मूल हाताने शिकतं हे तत्त्व ठेवलं, लाकडी सामान सोडून दिलं. माझ्या मते संघाचा सगळ्यात मोठा प्रकल्प हाच.

1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथली अडचण आणखी निराळी. मुलगे गुरांमागे रानात, मुली कडेवरच्या भावंडात अडकलेल्या. म्हणून गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरली आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग सुरू झाले. ‘विकासवाडी’ या नावाने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारीशेजारी आणली. मुलगी येताना धाकट्याला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात सोपवायची आणि स्वतः वर्गात जाऊन बसायची. गैरहजेरीबद्दल पोरीला रागावण्यापेक्षा हा उपाय कितीतरी शहाणपणाचा.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1973 साली त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आकार पोचला, अंगणात बसून मुलाशी बोलण्याची सवय किती पोचली, हे जो तो आपल्या गावात पाहू शकतो.

अनुताई मात्र थांबल्या नाहीत. 1982 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था काढली आणि दाभोण, ऐने इकडे काम उभं राहिलं. इथलं मूल घरी वारली बोलतं, बाजारात गुजराती ऐकतं आणि पुस्तक उघडलं की प्रमाण मराठी समोर येते. म्हणजे दोन भाषा त्याच्याकडे शाळेत पाऊल टाकण्याआधीपासूनच असतात. त्यांतली एक दारातच काढून ठेवायला लावणारी शाळा स्वतःला काहीही म्हणवून घेवो, द्विभाषिक नव्हे.

1992 साली अनुताई गेल्या. रानशेतच्या बाजूला कुणी नवी शाळा काढणार असेल, तर इमारतीचा नकाशा काढण्याआधी त्यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ जरूर वाचावं.