२१४७४८३६४७ : आंधळा ऑयलर आणि माझा भरलेला कॉलम

आजचा भाग एकाच आकड्यावर आहे: २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोनशे चौदा कोटी आणि वर बरंच काही.

माझी त्याची ओळख झाली रात्री दोन वाजता, पहिल्या नोकरीत, ऑन-कॉल असताना. डेटाबेसमध्ये नवी नोंदच होईना. 'डुप्लिकेट एंट्री' आणि पुढे हा आकडा. आयडीचा कॉलम ३२ बिटांचा. एक बिट चिन्हाला गेला, उरले ३१. त्यात मावणारी सर्वात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती आली आणि काउंटर अडकला. सहा महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याने हा कॉलम मोठा करूया का, असं विचारलं होतं. "इतक्या नोंदी कधी होणार?" असं मीच म्हणाले होते.

आता मागे जाऊ. १६४४ साली फ्रान्समधल्या मारिन मर्सेन या धर्मगुरूने एक यादी छापली: २ चा कितवा घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते. यादीत ३१ होता, पण सिद्धता नव्हती. त्यातले ६७ आणि २५७ तर पुढे चुकीचे निघाले. मग ३१ चं काय?

सरळ मार्ग म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या, साधारण ४६,३४० पर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. अशा संख्या जवळपास ४,८००. आणि हे करायला बसला कोण, तर सेंट पीटर्सबर्गमधला लेओनार्ड ऑयलर, साठी ओलांडलेला, दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली. त्याने आधी हे दाखवलं, की या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. झालं, उरल्या फक्त ८४. एकीनेही भाग जाईना. संख्या मूळ! १७७२ मध्ये त्याने हे योहान बर्नुलीला पत्राने कळवलं.

या मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्याही मिळते. परिपूर्ण म्हणजे ६ सारखी: तिचे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३ मिळवले की पुन्हा ६. १८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने लिहिलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही. उपयोग नसलेल्या गोष्टीमागे कोण लागेल? १८७६ मध्ये एदुआर ल्यूकाने ३९ अंकी मर्सेन मूळ संख्या सिद्ध केली, आणि तिच्यासोबत कितीतरी मोठी परिपूर्ण संख्या आली. बार्लोचं वाक्य वाचलं आणि मला माझंच वाक्य आठवलं.

एक गंमत सांगते. कॉम्प्युटरची मर्यादा मूळ संख्या असावी असा काही नियम नाही. १६ बिटांची ३२,७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१. ६४ बिटांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. कारण १५ आणि ६३ हे घात स्वतःच मूळ नाहीत. ३१ आहे, पण तेवढ्यानेही भागत नाही: ११ मूळ आहे, तरी २,०४७ म्हणजे २३ × ८९. म्हणूनच ऑयलरला मेहनत करावी लागली.

१९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या सिस्टिम १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, याच आकड्यावर पोचतील. त्या रात्री कॉलम मोठा करेपर्यंत उजाडलं होतं. तुम्ही तुमचे कॉलम दिवसाच तपासा. भेटू पुढच्या भागात.