पाण्याची पाळी

शनिवारची सकाळची शाळा सुटली की दप्तर घरी टाकून महाड स्टँडवर एसटी पकडायची आणि रविवारी रात्री परत यायचं. राष्ट्र सेवा दलाचं 1979 सालचं आमचं शाखानायक शिबिर एवढंच, दीड दिवसाचं. मी 17 वर्षांची होते. आता गळ्यात शिट्टी येणार, मुलांच्या रांगा लावायला मिळणार, या आनंदात होते. पोचल्याबरोबर हातात आली ती कळशी.

शिबिर जिल्हा परिषदेच्या शाळेत, विहीर उताराच्या तळाशी. शिबिरप्रमुखांना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी पाळ्यांचा कागद खळीने भिंतीला चिकटवला होता. पाणी, भाकऱ्या, झाडलोट, खरकटं. आडनावं कुणी सांगायची नाहीत. पाण्याच्या पाळीला आम्ही चौघं, आणि चौघं चार वेगवेगळ्या आळ्यांतले. हे आपोआप झालं असं मला वाटलं. कोण कुठल्या घरातलं याची भाऊंनी आधीच चौकशी करून ठेवली होती, हे फार उशिरा कळलं.

खरं तर महाडच्या मुलीला पाण्याची पाळी कुणी समजावून सांगायला नको होतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतलं ते आमचंच चवदार तळं. त्यानंतर सनातन्यांनी ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, हेही आमच्याच गावात. पण शाळेतल्या एकाही बाईंनी आम्हांला त्या काठावर कधी नेलं नाही. मला ते पहिल्यांदा सांगितलं भाऊंनी, रात्री कंदिलाभोवती बसवून.

नायक घडवण्यासाठी शिबिरं भरवायची ही रीत तुरुंगातून आली आहे. 1923 मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ठिकठिकाणचे स्वयंसेवक तुरुंगात गेले. तिथल्या हालांपुढे पुष्कळांनी माफी लिहून दिली. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हुबळीच्या तुकडीने दिली नाही. ही मुलं अगोदर कवायत आणि शिस्त शिकलेली होती. त्याच वर्षी काकीनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल उभं राहिलं. पुढच्या वर्षी बेळगावला, गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या अधिवेशनात, हर्डीकरांच्याच स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली.

याच परंपरेत पुढे पुण्यात 4 जून 1941 रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. नानासाहेब गोरे, शिरुभाऊ लिमये बरोबर होते. कवायत, लेझीम, बौद्धिक हे सगळं राहिलं, पण माझ्या मते मोठा फरक अंगणात पडला: संध्याकाळच्या शाखेत सगळ्या जातिधर्मांची मुलं आणि मुली एका रिंगणात आली. पुढच्याच वर्षी ‘चले जाव’ चळवळ पेटली. एस. एम. भूमिगत झाले आणि इमाम अली या नावाने वावरले. ‘‘नाव बदललं तरी माणूस तोच होता ना?’’ भाऊ एवढंच विचारत आणि गप्प बसत.

साने गुरुजींबद्दल बोलताना मात्र ते थांबत नसत. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी 1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं, ते 10 मेपर्यंत चाललं. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर फिरले. गावोगावी विहिरी आणि देवळं खुली करून घ्यायची, त्यासाठी बोलायचं, गाणी म्हणायची. सेवा दलाच्या कलापथकाचा लौकिक पुढे फार झाला. वसंत बापट, लीलाधर हेगडे तिथलेच, पु. लं.नी ‘पुढारी पाहिजे’ लिहिलं ते त्याच्यासाठी, निळू फुले आणि राम नगरकर तिथूनच पुढे आले. पण गाणं विहिरीवरची माणसं वळवण्यासाठी असतं, हे भाऊंच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला गाण्याचा अर्थ कळला.

रविवारी दुपारी मला शिट्टी मिळाली. वाजवण्याआधी रिंगणातल्या प्रत्येकाचं नाव मनात म्हणायचं, हा भाऊंचा नियम. एक नाव आठवलं नाही म्हणून त्यांनी मला पुन्हा खाली बसवलं.

परतल्यावर मी आमच्या वाडीत शाखा सुरू केली. पहिल्या दिवशी सात मुलं आली, त्यांतल्या तिघांच्या हातात घरचे पेले. मी मध्ये एक तांब्या ठेवला. तो हळूहळू फिरू लागला. पण एका मुलाच्या घरी हे कळलं आणि तो यायचा बंद झाला. त्याची आई मला दारात उभीही करीना. मग दर रविवारी मी मुलांना गाणं म्हणत त्याच्या घरावरून नेऊ लागले. तिसऱ्या महिन्यात तो पडवीतल्या खांबाला टेकून आमच्याबरोबर गायला लागला. पायरी मात्र उतरला नाही.